तुळईतली रिकामी खाच

मागच्या वर्षी होळी झाली आणि आम्ही आमचं जुनं घर उतरवायला घेतलं. बाबा 'पाडलं' म्हणू देत नव्हते. घर जसं चढवलं त्याच्या उलट क्रमाने उतरवायचं असतं. आधी कौलं, मग रिपा, मग वासे, मग आढं, मग तुळया आणि सगळ्यात शेवटी खांब. आमचं गाव शहापूर तालुक्यात, किन्हवलीच्या पुढे. मी रोज आसनगावहून लोकल पकडून ठाण्याला कामाला जातो. त्या आठवड्यात रजा टाकली होती, कारण नव्या स्लॅबच्या घराचं जोतं पावसाच्या आत उभं राहायला हवं होतं.

चौथ्या दिवशी मधल्या खणाची तुळई खाली आली. सागाची, बारा फुटांची, चुलीच्या धुराने काळी झालेली. ती अंगणात आडवी केल्यावर सुतारमामांनी तिच्यावरून हात फिरवला आणि एका जागी थांबवला. तिथे एक खाच होती. चौकोनी, चार बोटं आत जातील एवढी, कडा अजून धारदार. खाचेत काहीच बसलेलं नव्हतं. तीन फुटांवर दुसरी तशीच. आमच्या घरात त्या दोन्ही खाचा भिंतीच्या बाजूला तोंड करून होत्या, म्हणून इतकी वर्षं कुणाला दिसल्या नव्हत्या.

"ही तुमच्या घराची खाच नाय," सुतारमामा म्हणाले. "इथं आधी दुसरं लाकूड बसायचं. ही तुळई कुठंतरी नांदून आलेली हाय."

आजी पडवीच्या उरलेल्या तुकड्यावर बसून सगळं बघत होती. तिला विचारलं, तर तिला ते ठाऊकच होतं. आम्ही कधी विचारलं नव्हतं, एवढंच. "मुरबाडच्या अंगाला सावकाराचा वाडा व्हता," ती म्हणाली. "तो उतरवला तवा माझ्या सासऱ्यानी लाकूड इकत आणलं. बैलगाडीच्या चार खेपा झाल्या."

म्हणजे आमचं घर मुळातच जुन्या लाकडाचं होतं. ज्याला आज इंग्रजी वेबसाइटवर 'रिक्लेम्ड वूड' म्हणतात आणि जास्त पैसे मोजतात, ते.

मला एक गोष्ट पटेना. आमच्या घराच्या मागे डोंगरापर्यंत रान आहे. साग, ऐन, किंजळ, हेद, खैर, सगळं आहे. अशा माणसाने दुसऱ्या तालुक्यात जाऊन, पैसे मोजून, बैल दमवून जुनं, भोकं पडलेलं लाकूड का आणावं? या प्रश्नाच्या मागे लागलो आणि त्या उन्हाळ्यात मी दोन गोष्टी केल्या. उरलेल्या लाकडातून अंगणात एक बैठक बांधली. आणि सागाच्या मालकीचा इतिहास वाचला.

डेक, तुतक आणि राजाचं झाड

बैठकीची कल्पना मला मोबाइलवरून सुचली, हे कबूल करतो. शहापूर-मुरबाड पट्ट्यात गेल्या काही वर्षांत फार्महाऊस खूप झाली. जाहिरातींत स्विमिंग पूल असतो आणि त्याच्या बाजूला 'वूडन डेक'. जमिनीपासून थोडा वर उचललेला, फळ्याफळ्यांचा सपाट ओटा. पाणी फटींतून खाली जातं, पाय चिखलात येत नाहीत. आजीला अंगणात बसायला असंच काहीतरी हवं होतं. नव्या घराला पडवी नव्हती, आणि स्लॅबखाली तिला उकडतं.

'डेक' हा शब्द जहाजावरचा. जहाजाच्या वरच्या फळ्यांच्या मजल्याला आपल्याकडचे दर्यावर्दी 'तुतक' म्हणत. आणि जहाजाशीच आपल्या सागाचा इतिहास बांधलेला आहे.

१६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि त्यानंतर तिथल्या खाडीत जहाजं बांधायला सुरुवात झाली. जहाजाला लाकूड लागतं, आणि आमच्या बाजूच्या रानाची वाट कल्याण-भिवंडीच्या खाडीकडेच उतरते. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 'आज्ञापत्रा'त आरमाराच्या लाकडाबद्दल स्पष्ट सूचना आहेत. साग वगैरे झाडं हुजुरांची परवानगी घेऊन तोडावीत. आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडं रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड अगदीच जीर्ण झालं असेल, तर मालकाला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषाने तोडावं. हा उतारा आपण पर्यावरणाचा म्हणून वाचतो आणि फॉरवर्ड करतो. मला त्यात दुसरी गोष्ट दिसली. सागाला परवानगी राजाची लागते, आंब्याला मालकाची. रानातल्या सागाला गावातला मालक तेव्हाही धरलेला नव्हता.

इंग्रजांनी हा धागा उचलला आणि त्याची दोरी वळली. त्यांच्या आरमाराला ओक कमी पडू लागला होता. साग ओकपेक्षा एका बाबतीत सरस होता. ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात, सागातल्या तेलाने ते टिकतात. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने सागाची जहाजं बांधली. त्यातलं 'ट्रिंकोमाली' १८१७ साली पाण्यात उतरलं, मलबारच्या सागाचं. ते आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतं आहे. या भुकेपोटीच १८०६ साली मलबारात कॅप्टन वॉटसन नावाच्या पोलीस अधिकाऱ्याला जंगलाचा संरक्षक नेमलं गेलं. आधी सागावर सरकारचा हक्क आला, जंगलखातं नंतर आलं. मुंबई इलाख्यात १८४७ साली डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे पहिले वनसंरक्षक झाले. साग, शिसव, चंदन ही सरकारी झाडं, मग ती कुठेही उगवोत, हा समज तोवर पक्का झाला होता.

रेल्वे रानापर्यंत येते

मी ज्या मार्गावरून रोज प्रवास करतो तो मार्ग या गोष्टीतलं मोठं वळण आहे. १६ एप्रिल १८५३ ला मुंबई-ठाणे गाडी धावली, हे शाळेत पाठ केलेलं असतं. पुढचं कुणी सांगत नाही. १८५५ साली रूळ वाशिंदला पोचले, १८६१ च्या पहिल्या दिवशी कसाऱ्याला आणि १८६५ च्या पहिल्या दिवशी थळ घाट चढून इगतपुरीला. वाशिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा ही सगळी स्टेशनं शहापूर तालुक्यातली. म्हणजे दहा वर्षांत आमचं रान मुंबईच्या बाजाराच्या दारात जाऊन उभं राहिलं. मुरबाडला रेल्वे आजही पोचलेली नाही. तिथलं लाकूड गाडीवाटेनेच कल्याणला उतरत राहिलं.

देशभर रुळांखाली स्लीपर लागत होते, इंजिनाला सरपण लागत होतं, वाढत्या मुंबईला तुळया लागत होत्या. १८६४ साली डिट्रिच ब्रँडिस हे जर्मन वनतज्ज्ञ देशाचे पहिले वन महानिरीक्षक झाले. १८६५ ला पहिला वनकायदा आला आणि १८७८ ला त्याहून कडक दुसरा. दुसऱ्या कायद्याने जंगलांचे राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे प्रकार केले. मुंबई इलाख्यात बहुतेक रान राखीवमध्ये गेलं.

आमच्याकडे याचा पहिला फटका तुळईला बसला नाही, भाताला बसला. ठाणे-कुलाब्याच्या भातशेतीत राब करतात. रोप टाकायच्या तुकड्यावर झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, शेण यांचा थर देऊन पावसाआधी जाळायचा आणि मग बी पेरायचं. त्यासाठी ऐनासारख्या झाडांच्या फांद्या दरवर्षी छाटाव्या लागतात. जंगलखात्याच्या हिशेबात ही झाडांची नासाडी होती. शेतकऱ्याच्या हिशेबात त्याशिवाय रोप उगवत नव्हतं. तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ साली मुंबई सरकारला मुख्यतः ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या या गाऱ्हाण्यांसाठी वन आयोग नेमावा लागला. १८८७ साली त्याचा अहवाल आला. त्याआधी, १८८३ साली, जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगलखात्यावर बोट ठेवलं होतं. डोंगराकडेच्या गरीब शेतकऱ्याचं रानातल्या पाना-फळांवर आणि चार गुरांवर भागत होतं, आणि खात्याने डोंगर, दऱ्या, गायरानं सगळं पोटात घातलं, हा त्यांचा मुद्दा. आमच्या घरात हे पुस्तक कधी नव्हतं. पण बाबांना तो उतारा वाचून दाखवला तेव्हा ते म्हणाले, "मग नवीन काय सांगितलं? असंच झालं."

जुनं लाकूड चालतं

आता पणजोबांच्या बैलगाडीकडे येतो.

आज लागू असलेला भारतीय वन कायदा १९२७ चा आहे. त्यात 'इमारती लाकूड' म्हणजे काय याची व्याख्या आहे. पडलेलं किंवा तोडलेलं झाड, आणि सगळं लाकूड, मग ते कापलेलं असो, घडवलेलं असो, कोरलेलं असो वा नसो. म्हणजे आमची धुराने काळी झालेली तुळई कायद्याच्या नजरेत अजून लाकूडच आहे. त्याच कायद्याचं कलम ६९ त्याहून बोलकं आहे. वनोपज सरकारचं आहे की नाही असा प्रश्न खटल्यात निघाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत ते सरकारचंच आहे असं धरलं जाईल. एरवी चोरी सिद्ध करायची जबाबदारी आरोप करणाऱ्यावर असते. लाकडाच्या बाबतीत 'हे माझं आहे' हे सिद्ध करायची जबाबदारी ज्याच्या घरात लाकूड आहे त्याच्यावर येते. पुढे १९६४ च्या महाराष्ट्राच्या वृक्षतोड कायद्याने स्वतःच्या बांधावरचा साग तोडायलाही परवानगी लागू केली.

पणजोबांना ही कलमं माहीत असण्याचं कारण नाही. त्यांना गार्ड माहीत होता. आजी सांगते, दारात नवी फळी दिसली की "कुठून आणली?" हा प्रश्न यायचा. धूर लागलेल्या, खाचा पडलेल्या लाकडाला तो प्रश्न कुणी विचारत नसे. खाच म्हणजे लाकडाची जुनी ओळख. कुणीतरी आधी वापरलंय, कुणीतरी आधी उत्तर दिलंय. नवं लाकूड हा गुन्हा होऊ शकत होता, जुनं लाकूड म्हणजे फक्त गरिबी. म्हणून रानाच्या कुशीत राहणारा माणूस वीस किलोमीटरवरून जुनं लाकूड आणत होता.

आणि ते जुनं लाकूड बाजारात का आलं, त्यालाही इतिहास आहे. १९४८ चा कूळकायदा आणि मग १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन. कसणारी कुळं कायद्याने जमिनीची मालक झाली. आजीच्या सांगण्याप्रमाणे त्या सावकाराचं बिऱ्हाड त्यानंतर कल्याणला गेलं आणि रिकामा वाडा उतरवून विकला. आमच्या पणजोबांना त्याच सुमाराला पाच एकर भातजमीन स्वतःच्या नावावर मिळाली होती. जमीन नावावर झाल्यावर त्यांनी कुडाचं घर मोडून खांबाचं बांधलं. एकाच कायद्याने वाडा रिकामा केला आणि आमचं घर उभं केलं. ती तुळई मध्ये होती.

इथे मला थोडा अभिमान वाटायला लागला होता. तो सुतारमामांनी उतरवला. घर उतरवायला आमच्याबरोबर जवळच्या कातकरी वाडीतली दोन पोरं होती. सुतारमामा म्हणाले, "तुमच्याकडं निदान जुनं लाकूड तरी आलं. यांच्या आज्याला ते पण नाय." खरं होतं. वाडीतली जुनी घरं कारवीच्या कुडाची, मेढींवर उभी, वर गवत. खैरापासून कात पाडणाऱ्या या समाजाचं नावच त्या कामावरून पडलं असं सांगतात. खैर राखीव झाल्यावर कात गेला, नाव उरलं. स्वातंत्र्यानंतर ठाणे जिल्ह्यात जंगल कामगार सहकारी संस्था निघाल्या, ठेकेदाराऐवजी रानातल्या माणसांनीच कूप तोडावा म्हणून. त्यातून मजुरी मिळाली. तुळई नाही मिळाली. २००६ च्या वनहक्क कायद्याने कसत असलेली जमीन आणि गौण वनोपजाचा हक्क मान्य केला. गौण वनोपजात बांबू आहे, मध आहे, डिंक आहे, तेंदूपान आहे. इमारती लाकूड त्यातूनही वगळलं आहे. सागापुढे येऊन प्रत्येक कायदा थांबतो.

मुंबईचं लाकूड मात्र दूरवरून आलं. १८६३ साली 'बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन' स्थापन झाली, ब्रह्मदेशातल्या सागाच्या धंद्यासाठी. १८८५ साली तिथल्या राजाने या कंपनीला कमी ओंडके दाखवल्याबद्दल मोठा दंड केला. ते निमित्त करून इंग्रजांनी युद्ध पुकारलं आणि राजाला पकडून रत्नागिरीला आणून ठेवलं. तो थिबा राजा. त्याचा राजवाडा सहलीत बघितलेला असतो, पण तो तिथे सागाच्या वादातून आला हे कुणी सांगत नाही. मुंबईच्या चाळींत, गिरण्यांत हा बर्मा टीक बसला. गिरण्या पडल्या तेव्हा तो परत बाजारात आला. आज फार्महाऊसच्या डेकखाली कुणाची चाळ आहे हे फळी सांगत नाही.

बैठक

आता बांधकामाचं सांगतो, कारण ज्याच्या घरी लाकूड पडून आहे त्याला ते उपयोगी पडेल.

माझा पहिला विचार रेल्वेच्या जुन्या स्लीपरचा होता. काँक्रीटचे स्लीपर आल्यावर लाकडी निघाले आणि लिलावातून सगळीकडे पसरले. दिसायला भक्कम, किंमत कमी. पण लाकडी स्लीपर कुजू नये म्हणून त्याला क्रिओसोट पाजलेलं असतं, कोळशाच्या डांबरातून निघणारं तेल. ते उन्हात पाझरतं, कातडीला लागतं, त्यातले काही घटक कर्करोगकारक आहेत. युरोपात बागेतल्या बाकांना आणि जिथे अंग लागतं अशा ठिकाणी ते वापरायला २००३ पासून बंदी आहे. जिथे आजी अनवाणी बसणार तिथे ते नको.

मग घरचंच लाकूड. व्यापारी आला होता. त्याला चांगल्या सहा तुळया आणि खांब हवे होते. ज्यांना भोकं, चिरा, खिळे, ते नको. बाबांना स्लॅबसाठी पैसे हवे होते. मी म्हटलं, काहीच विकू नका. बाबा म्हणाले, "तू लोकलनं जाणार, छप्पर आम्हाला लागणार." दोन दिवस आम्ही एकमेकांशी कामापुरतंच बोललो. शेवटी सहा तुळया विकल्या. दोन खाचांची ती तुळई व्यापाऱ्याने स्वतःच बाजूला ठेवली, वजन पेलणार नाही म्हणून. ती मला मिळाली. तिच्याबरोबर माळ्याच्या कड्या आणि फळ्या.

बारा फूट लांब, आठ फूट रुंद, एवढी बैठक ठरली. पहिलं काम खिळे काढायचं. सुतारमामांनी प्रत्येक फळीवरून लोहचुंबक फिरवायला लावलं, कारण आत मोडलेला एक खिळा रंध्याचं पातं संपवतो. दुसरं काम पांढरा भाग काढायचा. सागाचा गाभा गडद असतो, त्यात तेल असतं. कडेचा फिकट भाग वाळवीला आवडतो. तो वाकसाने तासून टाकला. निळ्या रंगाची दोन दारं होती, ती घेतली नाहीत. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, ते कोरडं घासून धूळ नाकात घ्यायची नाही.

मग पाया. लाकूड मातीला टेकता कामा नये, हा एकच नियम लक्षात ठेवला तरी पुरे. जुन्या जोत्याचे घडीव दगड होते. ते तीन ओळींत, चार-चार फुटांवर बसवले, मातीपासून वीतभर वर. दगड आणि लाकूड यांच्यात डांबरी कागदाचा तुकडा, म्हणजे दगडातली ओल वर चढत नाही. आठ फुटांत एक इंच उतार अंगणाच्या बाहेरच्या बाजूला. पुढच्या काठाला ती तुळई, मध्ये आणि मागे चिरलेले खांब, त्यांच्यावर दीड-दीड फुटावर कड्या आणि वर फळ्या. दोन फळ्यांत पेन्सिल जाईल एवढी फट. आमच्याकडे जूनमध्ये पाऊस लागला की सप्टेंबरपर्यंत उसंत देत नाही. फट नसेल तर पाणी तुंबतं, आणि तुंबलेल्या पाण्याने सागसुद्धा हरतो. फळ्या बसवायला स्टेनलेस स्टीलचे स्क्रू, आधी गिरमिटाने भोक पाडून, कारण इतका वाळलेला साग सरळ खिळा मारला तर चिरतो. शेवटी अळशीच्या तेलाचे दोन हात. तेलाने भिजलेली फडकी चुरगळून ठेवायची नाहीत, ती आपोआप पेट घेऊ शकतात. दोरीवर पसरून वाळवायची.

खर्च असा. सुतारमामांची तीन दिवसांची मजुरी २,७०० रुपये, स्क्रू १,१००, तेल ६५०, करवतीचं पातं ३००. एकूण ४,७५०. लाकडाचे पैसे यात नाहीत. ते पणजोबांनी दिले होते.

कुठून आणलं?

व्यापाऱ्याचा टेम्पो भरायला आला त्या सकाळी त्याने कागद मागितला. जुन्या घराचं लाकूड आहे असा ग्रामपंचायतीचा दाखला, घरपट्टीच्या पावत्या, उतरवण्याआधीचे घराचे फोटो. वाटेत नाक्यावर विचारतात, आणि वाहतुकीचा परवाना त्यालाच वनखात्याकडून काढायचा होता. बाबांनी पत्र्याच्या ट्रंकेतून घरपट्टीच्या पावत्यांचा गठ्ठा काढला. फोटो मी काढले होते, ते इन्स्टाग्रामसाठी. कामाला असे आले. तुम्ही घर उतरवणार असाल तर आधी ते उभं असतानाचे फोटो काढून ठेवा, आतून आणि बाहेरून, तुळया दिसतील असे. आणि वनखात्याच्या कार्यालयात आधी विचारा, लाकूड गाडीत चढल्यावर नको.

बैठक झाली त्या संध्याकाळी आजीला आणून बसवलं. ती काठाला बसली, पाय खाली सोडून. बराच वेळ फळीवरून हात फिरवत होती. मला वाटलं, घर आठवत असेल. तिने विचारलं, "गार्ड आला तर काय सांगशील?"

मी हसलो. ती हसली नाही. तिच्या लग्नाला साठ वर्षं झाली. या लाकडाखाली तिची चार बाळंतपणं झाली, तिचा नवरा याच लाकडाखाली गेला. आणि अजूनही ते आपलं आहे याची तिला खात्री नव्हती. कायद्याचं कलम मी महिनाभर वाचत होतो, ते तिच्या अंगात बसलेलं होतं.

जंगल राखायला हवं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आमच्या मागचं रान राखीव नसतं तर रेल्वेने आणि ठेकेदारांनी ते कधीच संपवलं असतं, हे मला दिसतं. तानसा तलाव १८९२ पासून मुंबईला पाणी देतो आहे, तो या रानाच्या जिवावर. पण दीडशे वर्षं राखण्याचा भार एकाच्या दारात आणि लाकूड दुसऱ्याच्या घरात, हा हिशेब जुळत नाही. आमच्या सहा तुळया आता कुठल्यातरी बंगल्यात असतील. तिथे त्यांना कुणी विचारणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी बैठकीच्या खाली आडवा शिरलो. त्या तुळईच्या आतल्या अंगावर, खाचेच्या बाजूला, पटाशीने कोरलं. अक्षर वाकडं आलं, पण वाचता येतं. मुरबाडकडचा वाडा. मग आमचं घर. मग ही बैठक, आणि साल. पुढे कधी कुणी ही बैठक उतरवेल, त्याच्या हाताला आधी खाच लागेल आणि मग ही अक्षरं.

मी बाहेर आलो तेव्हा आजीने विचारलं, खाली काय करत होतास. वाचून दाखवलं. तिने मान हलवली आणि म्हणाली, "सासऱ्याचं नाव पण घाल. पैसे त्यानी दिले व्हते."

परत खाली शिरलो.